गुरुवारी सात ते साडेआठ

कागद अकरा दिवस खिशात होता.
सिव्हिलमधल्या वॉर्डबॉयनं सलाईनच्या खोक्याचा कोपरा फाडून
त्यावर लिहिलेला: शाळेचं नाव, वार, वेळ.
खाली दोन रेघा.

मध्ये एकदा शर्ट धुण्यात गेला.
अंबव्वानं खिसे तपासले, ही तिची जुनी सवय,
आणि कागद तांदळाच्या डब्यात ठेवला,
विड्यांची मजुरी ती जिथं लपवते तिथं.
म्हणजे माझा हात तिथं जातो
हे तिला ठाऊक होतं.
मला ते त्या सकाळी कळलं, कोपरापर्यंत तांदळात.

दुकान कधी शोधावं लागलं नव्हतं.
कर्फ्यूत, ड्राय डेला, सासऱ्याच्या दहाव्याला,
लाईट गेलेल्या गल्लीतून
पाय आपले आपण गेले.
ही शाळा मात्र साखर पेठेत दोनदा हुकली.

विचारायचं तरी कसं?
"शाळा कुठं आली ओ?"
"आता? सात वाजता? पोराला न्यायला आलाव काय?"
हो म्हणालो.
पोरगा भिवंडीला असतो, मागावर.
दिवाळीला अंबव्वाला फोन करतो,
मी घेतला की रेंज जाते.

सोड्याच्या गाड्यावरचं पोरगं
माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं,
आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं ओरडलं:
"दारू सोडायची मीटिंग का काका?
मागच्या गेटानं जावा! पुढं कुलूप हाय!"

टॉवेलचे गठ्ठे चढवणारा हमाल होता,
कडक भाकरीवाली होती,
रिक्षात आमच्याच कारखान्याचा मुनीम, निदान तसाच कुणी.
मी मान खाली घालून थांबलो.
एकजण हसला. वळून बघितलं तर
मोबाईलमध्ये बघून हसत होता.
गठ्ठा चढला. रिक्षा गेली.
ज्या चौकाला भिऊन वीस वर्षं भिंतीकडेनं चाललो
त्याला माझ्यासाठी सवडच नव्हती.
खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

तिसरीचा वर्ग. बाकात गुडघे मावेनात.
फळ्यावर एक वजाबाकी, हातचा विसरलेली.
चूक सगळ्यांना दिसत होती,
कुणी पुसली नाही.
माणसं सात. बाई एकच,
तिच्या चपला दाराशी नव्हत्या, पायातच होत्या.

इरण्णा म्हणून एकजण, नखांत निळा रंग मुरलेला,
चहा वाटत आला. मला अर्धाच कप.
म्हटलं, नवा दिसला की इथंही काटकसर.
मग कप उचलला,
आणि चहा काठापर्यंत येऊन परत गेला,
परत आला.
इरण्णा खिडकीकडं बघत म्हणाला,
"मलापण सहा महिने अर्धाच देत होते."

"काही बोलायचंय?"
बोलायचं होतं. मी जॉबर आहे, म्हणायचं होतं,
बाणा तुटला की माग आपसूक थांबतो,
ताणा तुटला तर थांबत नाही,
धोटा धावतोच, कापड निघतंच,
भोक वावभर लांबतं,
कुणीतरी बघून हात घालावा लागतो.
हे सगळं म्हणायचं होतं.
"चहात साखर जास्त झाली," एवढंच म्हणालो.
सगळ्यांनी माना डोलावल्या,
जणू फार मोठं बोललो.

कुलूप लावताना इरण्णानं विचारलं,
"सापडायला त्रास झाला?"
"नाही," म्हणालो.
खोटं. एका दिवसात सगळं कसं सुटेल.

वाटेत दुकान उघडं होतं.
पायांना ते ठाऊक नव्हतं असं म्हणत नाही.
गाड्याशी आलो, सोडा मागितला, साधा.
पोरगं काही बोललं नाही.
ग्लास काठोकाठ भरून दिला, त्याला काय माहीत.
हातावर सांडला, शर्टावर सांडला,
ओल खिशापर्यंत गेली.
अक्षरं पुसली असतील.
पुसू देत.
मागचं गेट. पुढं कुलूप हाय.